न मिटलेली शीर

काचेपलीकडे कुणीतरी हसलं आणि तिथून सगळं बिनसलं. ती त्या यंत्राच्या गोल तोंडात आडवी पडली होती, दोन्ही हात डोक्यावर, डाव्या हाताला सुई, अंगात दवाखान्याचा ढगळ झगा. हलू नका म्हणून बजावलेलं होतं, त्यामुळे नाकाला खाज सुटली होती तीही तशीच. सुईतून औषध आत गेलं तेव्हा हातापासून एक ऊब निघाली, गळ्याशी आली, मग पोटात, मग जिथे कुणाच्या देखत यायला नको तिथेही आली. आणि नेमकं तेव्हाच, पलीकडचा माईक बंद करायचा राहिला असणार, फोटोवाल्या डॉक्टरांचा आवाज आला, "अरे इकडे या, सगळे या, हे बघा." मग चपलांची धावपळ, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि ते हसू. ते वाईट हसू नव्हतं. मेळ्यात हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस हसतो तसं होतं. तिला बघून कुणी इतकं खूष झाल्याला बरीच वर्षं लोटली होती, त्यामुळे क्षणभर तिला बरंच वाटलं. मग ते नेमकं काय बघून खूष झालेत, हे तिच्या ध्यानात आलं.

डॉक्टर बाहेर आले ते तोंडभर माहिती घेऊन. कामावरच्या वार्षिक तपासणीत छातीच्या साध्या फोटोत डावीकडे एक जादा सावली दिसली होती, म्हणून तिला इकडे धाडलं होतं. ती सावली कसली, ते आता कळलं होतं. डोक्याकडचं आणि हातांकडचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर माणसाला उजवीकडे असते. तिला उजवीकडे होतीच, पण डावीकडेही एक होती, चांगली करंगळीएवढी, सरळ खाली उतरून मागच्या दाराने हृदयात जाणारी. दुखण्याचा इथे काही संबंध नाही, डॉक्टर म्हणाले, हजारांत दोघा-तिघांना असते, बहुतेकांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही. आईच्या पोटात सगळ्यांनाच दोन्ही असतात. डावी पुढे मिटते. "तुमची मिटली नाही," डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा तसेच हसले. पुढे कधी कुणी डाव्या खांद्याकडून छातीत नळी घालायला निघालं तर आधी हे सांगा, एवढंच लक्षात ठेवायचं. हृदयाची वेगळी तपासणीही झाली, त्यात भोकबिक काही नव्हतं. शिकणाऱ्या पोरांना हा फोटो दाखवला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. दाखवा की, ती म्हणाली, पण एक मोठी फिल्म मलाही पाहिजे. डॉक्टरांनी दिली.

गोष्ट खरं म्हणजे इथे संपायला हरकत नव्हती. करंगळीएवढी शीर, चाळीस वर्षं गुमान आपलं काम करत आलेली, तिने कुणाचं काय घोडं मारलं होतं? पण ती बाई क्रेन चालवायची. नव्या इमारतींच्या मधोमध उभी असते ती उंच पिवळी क्रेन, जिचा आडवा हात अख्ख्या वस्तीवरून फिरतो. त्या हाताच्या मुळाशी काचेची एक केबिन असते, न्हाणीघराएवढी, आणि त्या केबिनीत ही. बारा वर्षं. कामावर तिला सगळे ‘वरची’ म्हणत. वरची आली का, वरचीला विचार, वरची जेवली का. आणि वर जाणाऱ्या माणसाच्या छातीत काही वेगळं आहे, ही बातमी साइटवर तिच्याआधी पोचली होती.

सेफ्टीसाहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच तिने ओळखलं. या साहेबांनी आजवर कुणाला खुर्ची दिलेली नव्हती. माणूस वाईट नव्हता. आधीच्या एका साइटवर क्रेनवाल्याला वर केबिनीत झटका आला होता आणि त्याला शिडीवरून खाली आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. ते पाहिलेलं त्यांच्या तोंडावर कायम असायचं. डॉक्टरांनी काही धोका नाही म्हटलंय, ती म्हणाली. हो, साहेब म्हणाले, पण जन्मजात आहे ना. जन्मजात हा शब्द त्यांनी असा उच्चारला की तिला वाटलं आपण जन्मलो हीच यांची मूळ अडचण दिसते. काही दिवस स्टोअरमध्ये बसा ताई, मग बघू. आणि तिच्या केबिनीत बदली माणूस चढला.

स्टोअरमध्ये हेल्मेटं होती, हातमोजे होते, आणि एक खिडकी होती जिच्यातून क्रेनचा फक्त बुंधा दिसायचा. तिथे ती हातावर हात धरून बसे आणि आवाजावरून ओळखे, आता भार उचलला, आता फिरवला, आता या शहाण्याने ब्रेक उगाच मारला. दुपारी कुणी नसलं की ती उजवा तळवा छातीवर ठेवे, डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली, आणि बघे, काही कळतंय का. काही कळायचं नाही. कळायचा तो नेहमीचा ठोका, ब्लाउजच्या शिवणीखालचा, अगदी साधा. पण हात ठेवायची सवय लागली. जिना चढताना ठेवला गेला, भांडी घासताना ओला हात ठेवला गेला आणि कपड्यावर डाग पडला. हे तिला सगळ्यात जास्त लागलं. साहेबांनी पाळत ठेवली तर त्यांची नोकरीच आहे ती. आपणच आपल्यावर पाळत ठेवायला लागलो, याची तिला चीड आली. बारा वर्षांत वर असताना तिला आपल्याला छाती आहे हेच आठवलेलं नव्हतं. वर असलं की अंग हुकापाशी असतं. हुक झुलला की पोट झुलतं, भार टेकला की टाचा टेकतात. खुर्चीत बसलेलं जे काही असतं ते नुसतं दांड्यावर हात ठेवायला लागतं म्हणून असतं. आता ते सगळं अंग परत आलं होतं, बिनकामाचं, आणि सारखं माझ्याकडे बघ म्हणत होतं.

घरी आई. आईचा सगळा जन्म एका मोठ्या धुलाईखान्यात वाफेच्या इस्त्रीसमोर उभं राहण्यात गेला होता, तिथून गुडघे घेऊन ती घरी बसली होती. त्या गुडघ्यांनी आता ती लेकीच्या आधी उठायला लागली. पाण्याची बादली उचललेली, कपडे पिळलेले, पिशवी हातातून काढून घेतलेली. जड उचलू नकोस. वाकू नकोस. लेक चार चार टन लोखंड एका बोटाने उचलत आली होती, आणि आता तिला कणकेचा डबा खाली काढू दिला जात नव्हता. तिने दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी डबा हिसकावून घेतला. त्या ओढाताणीत पीठ सांडलं, दोघींच्या पायांवर, आणि आई सांडलेल्या पिठात तशीच उभी राहून म्हणाली, "ती शीर, तू माझ्या पोटात असतानाच मिटायची होती ना?"

हो म्हटलं तर पुढे काय येणार हे तिला दिसत होतं, आणि ते आलंच. लेक पोटात असताना आई दिवस पूर्ण भरेपर्यंत इस्त्रीसमोर उभी होती. वाफ, उष्णता, भारी चादरी. बसायला कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी परवडलं नसतं. एवढी वर्षं आईने ही गोष्ट फुशारकीने सांगितली होती, दुखायला लागलं तेव्हा मी हातातली चादर पुरी करून मग गेले म्हणून. तीच गोष्ट आता तिच्या तोंडात कबुलीजबाब झाली होती. लेकीचं डोकं तडकलं. ती ओरडली नाही, पण पीठ झाडता झाडता जे बोलायचं ते बोलली. इस्त्रीने शिरा उघड्या राहात नाहीत. राजवाड्यात गादीवर पडून राहणारीच्या पोरीलाही हे होतं. आणि तुझं काही चुकलं असं तू म्हणणार असशील तर मी चुकलेली झाले, ते मला कबूल नाही.  आईने झाडू आणला आणि पीठ गोळा केलं, आणि डबा उचलून वर ठेवायला मात्र लेकीकडे दिला.

त्यानंतर ती गप्प बसणाऱ्यातली राहिली नाही. रोज सकाळी साहेबांच्या टेबलासमोर उभी. हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांकडून लेखी आणलं, ते टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, लिहिलंय ठीक आहे, पण रिस्क कशाला? ती म्हणाली, तुमच्या छातीचा आतून फोटो काढलाय का कधी? नाही ना? मग तुम्ही कशाच्या भरवशावर जिना चढता? साहेबांच्या कपाळाला आठी पडली. पण रोजची कटकट आणि बदली माणसाने दोनदा इमारतीभोवतीच्या मचाणाला भार घासवलेला, या दोन्हींनी मिळून शेवटी काम केलं. एक भार, साहेब म्हणाले. माझ्यासमोर. सळयांचा भारा खालून नवव्या मजल्यावर. नीट गेला तर केबिन तुमची, नाही तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. ती म्हणाली, चालेल.

त्या सकाळी आईने दार उघडलं, वर आभाळाकडे बघितलं. लेकीला वाटलं, आता सांभाळून जा म्हणणार. आई म्हणाली, "वारा आहे आज. तुकड्यातुकड्याने येतोय." बस्स, एवढंच. लेकीला ते इतकं बरं वाटलं की पुढच्या वळणापर्यंत तिचा हात छातीकडे गेला नाही.

बुंध्याच्या आतली शिडी. गार लोखंड, तळव्याला गंजाची कचकच, दर काही पायऱ्यांनी विसाव्याची फळी. तीन आठवडे बसून पाय बसले होते, अर्ध्यावर धाप लागली, आणि धाप लागताच ते आलंच: ही धाप कुणाची? नेहमीची की त्या शिरेची? ती फळीवर थांबली. कानात ठोके पडत होते, लोखंडात वारा गुणगुणत होता. इथे, या अर्ध्यावर, कुणालाही न दिसता परत फिरता आलं असतं. आणि तिला पाण्याची टाकी आठवली, शाळेमागची, जिच्या शिडीवर ती सात-आठ वर्षांची असताना चढली होती आणि वर जाऊन थिजली होती. खाली बाया गोळा झाल्या, कुणी किंचाळलं, कुणी आईला आणायला धावलं. आई धुलाईखान्यातून तशीच आली, ओल्या हातांनी. ओरडली नाही, रडली नाही, ये गं बाळा असंही म्हणाली नाही. टाकीखाली उभी राहून वर बघत ती नुसतं सांगत गेली. डावा पाय खाली. तिथे दांडा आहे. टेकला? आता उजवा हात सोड. डावा पाय. जणू ती चादरीच्या घड्या सांगत होती. पोर एकेक दांडा उतरली आणि जमिनीवर आल्यावर तिच्या कानशिलात एक बसली, पण ते नंतर. वरून तिला दिसलं होतं ते आईचं उचललेलं तोंड, आणि त्या तोंडावर भीती अजिबात नव्हती. आत नसेल कशी? पण आईने ती वर पाठवली नव्हती. क्रेनवर आल्यापासून तिने खालच्या माणसाकडून एवढंच मागितलं होतं. ती उठली आणि उरलेली शिडी धापेसकट चढली. धाप बसून राहिल्याची होती. केबिनीत पोचेस्तोवर गेलीही.

खुर्ची बदलीवाल्याने मागे सरकवली होती, ती तिने पुढे घेतली. काचेतून खाली बघितलं. सळयांचा भारा, त्याच्याशेजारी साहेब, हाताची घडी. आणि हुकाखाली, हिरवं जाकीट घालून, शिट्टी. शिट्टी म्हणजे तिचा सिग्नलवाला. वॉकीटॉकी नव्हते तेव्हा तो तोंडात पत्र्याची शिट्टी धरून काम करायचा, ती अजून त्याच्या गळ्यात असते. बारा वर्षं वर ही आणि खाली तो. क्रेनच्या कामात एक नियम आहे, थांब असं कुणीही सांगू शकतं, पण बाकी सगळं सांगायचा हक्क हुकाखालच्या त्या एकाच माणसाला. वरच्याने आपली अक्कल चालवायची नाही. त्याचा हात हीच आपली नजर. शिट्टीचा हात असा होता की त्याच्याकडे बघून आंधळाही भार ठेवेल. तो लांब, पुरा, खांद्यापासून फिरणारा हात. हसायचा नाही, कौतुक करायचा नाही, चुकलं की शिवी मात्र वरपर्यंत ऐकू जायची. तो आजारपणाबद्दल तिला एकदाही काही बोललेला नव्हता, म्हणून तर तिला तो आवडायचा.

शिट्टीने वर बघितलं, उजवा हात उचलला, बोट आभाळाकडे करून फिरवलं. उचल. आणि मग डावा हात आणून त्या फिरत्या हातावर झाकणासारखा धरला. हळू.

सुरुवातीला हळूच असतं. दोर ताणले जाईपर्यंत, भारा जमिनीपासून सुटेपर्यंत. भारा सुटला, स्थिर झाला. आता वरचा हात काढून घ्यायचा आणि भार एका दमात मचाणाच्या वर न्यायचा. शिट्टीने हात काढला नाही. तो आणखी जवळ आणला. मग मूठ मिटून थांब. मग पुन्हा हळू. मग थांब. भारा मजल्यामजल्याला अडखळत वर यायला लागला, आणि तुकड्यातुकड्याने येणारा वारा त्याला प्रत्येक थांब्यावर गाठायला लागला. एक टोक वळलं. मग दुसरं. लोखंड झुलायला लागलं. तिने खाली शिट्टीच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि तिला कळलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच तो भाराकडे बघत नव्हता, केबिनीकडे बघत होता. डोळे बारीक, ओठ आवळलेले. दवाखान्यात खाटेशेजारी बसलेल्या माणसाचं तोंड. हळू तो लोखंडाला सांगत नव्हता, तिच्या छातीला सांगत होता.

तिच्या अंगाची आग झाली. आईने डबा उचलू दिला नाही, ते समजलं. साहेबांनी खुर्ची दिली, तेही ठीक. पण तू? आणि आत्ता? भारा आता मचाणाच्या बरोबरीने होता, झोका वाढत होता, पलीकडे नवव्यावर दोन माणसं तो धरायला उभी होती. पुढे नेला तर माणसांवर झोकात जाणार. शिट्टीचा हात न मानता स्वतःच्या हिशोबाने उचलला तर भार कदाचित मुकाट बसेल, साहेबही खूष होतील, पण मग नियम मोडलेला, आणि जो हात बारा वर्षं डोळे मिटून मानला तो आजपासून मानायचा नाही असं ठरणार. एक गोष्ट मात्र वरच्याच्या हातात असते. भार नाकारणं. तिने भोंगा वाजवला, लांब. हुक एका बाजूला झोक्याच्या पाठोपाठ नेला, झोका मेला, तसा भारा सरळ खाली आणला आणि निघाला होता त्याच जागी ठेवला. दोर सैल पडले. खाली साहेबांची हाताची घडी सुटली. त्यांनी मान हलवली, आणि ती मान हलवणं तिला एवढ्या उंचीवरूनही स्वच्छ वाचता आलं. संपलं, असं ते होतं.

वॉकीटॉकीवर साहेबांचा आवाज आला, उतरा ताई, राहू दे, वाईट वाटून घेऊ नका. तिने बटण दाबलं. ते बटण दाबलं की साइटवरच्या प्रत्येक माणसाच्या कमरेला ते ऐकू येतं, हे तिला ठाऊक होतं.

"शिट्टी," ती म्हणाली, "वरचा हात काढ."

 ती पुढे म्हणाली, आवाज न चढवता, "तू लोखंडाकडे बघ. माझ्याकडे मी बघते. माझ्या छातीत एक शीर जादा आहे, कमी नाही. तुझा हात नीट असेल तर भार उचलते, नाही तर दुसरा माणूस बोलाव."

शिट्टी उभाच राहिला. त्याचा डावा हात अजून छातीच्या उंचीवर तसाच होता, कुणी देऊन गेलेली वस्तू धरावी तसा. त्याने त्या हाताकडे बघितलं. मग तो खाली सोडला. जाकिटात हात घालून जुनी पत्र्याची शिट्टी काढली, तोंडात धरली आणि अशी फुंकली की पलीकडच्या रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. त्याचं तोंड भाऱ्याकडे वळलं. उजवा हात खांद्यापासून उठला, पुरा, लांब. उचल.

साहेब वॉकीटॉकीवर काहीतरी बोलत होते. थांब म्हणाले असते तर ती थांबली असती, तो हक्क त्यांना होता. ते ताई, ताई, एवढंच म्हणत राहिले आणि मग तेही वर बघत राहिले. भारा एका दमात मचाणापार गेला, वारा आला तेव्हा तो वाऱ्याच्या वर होता. शिट्टीचा हात वळला, क्रेनचा हात वळला. नवव्यावरच्या दोघांनी टोकं धरली, आणि सळया पसरल्या तेव्हा झालेला आवाज तिच्या टाचांना कळला. किती तरी दिवसांनी तिला आपलं अंग कुठेच सापडेना. छाती नव्हती, खुर्ची नव्हती. हुक रिकामा वर आला.

जरा वेळाने वॉकीटॉकी खरखरली. साहेब म्हणाले, मघाशी भार खाली का ठेवला? ती म्हणाली, ठेवायचा होता म्हणून. पुन्हा खरखर. मग साहेब म्हणाले, पुढचा भारा लावू का? लावा की, ती म्हणाली, मी काय वर हवा खायला आलेय? मागून शिट्टीची शिवी ऐकू आली, भारा बांधणाऱ्या पोरांना दिलेली, सणसणीत, पूर्वीसारखी. ती एकटीच हसली.

दुपारी ऊन पश्चिमेच्या काचेतून डोळ्यांवर यायला लागलं. बदलीवाल्याने तिथे खोक्याचा पुठ्ठा लावला होता, तो निघून लोंबत होता. तिने पिशवीतून डॉक्टरांनी दिलेली ती मोठी काळी फिल्म काढली, जिच्यात तिची छाती आडवी-उभी कापून चौकटीचौकटीत मांडलेली होती. प्रत्येक चौकटीत ती न मिटलेली शीर पांढरीशुभ्र. पुठ्ठा काढून तिने फिल्म चिकटपट्टीने काचेला चारी बाजूंनी पक्की लावली. ऊन अडलं. फिल्मची पुढची बाजू तिने मुद्दाम बाहेर केली होती, साहेबांच्या ऑफिसच्या खिडकीकडे. ज्याला बघायची असेल त्याने मान वर करून बघावी.